चालता मांडव

लग्नाच्या दिवशी सकाळी मी माजघरात पाटावर बसले होते. अंगाला आदल्या दिवशीची हळद, हातात हिरवा चुडा, आणि माझे बाबा मागच्या दारावरून उगीचच ये-जा करत होते. लग्नघराच्या यजमानाला हजार कामं असतात, हे मलाही कळत होतं. पण बाबांच्या हातात ना नारळ होता, ना घागर, ना कुणाला द्यायचा चहा. कानावर मात्र माडाच्या झावळीचा एक हीर, पातीतली कडक काडी, खोचलेला होता, सुतार पेन्सिल खोचतो तसा. तो हीर बघितला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

“बाबा, फुला उमलली?” मी विचारलं.

“काय नाय उमलला. तू गप बस आणि चाय पी,” असं म्हणत त्यांनी हीर काढून खिशात टाकला. आमचे विश्राम गवस आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर. आंबोलीच्या घाटात समोरचं बोनेट दिसत नसलं तरी डगमगायचे नाहीत. पण खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान हलायचे. त्या सकाळी दोन्ही हलले.

फुलं म्हणजे व्हॅनिलाची. दोडामार्गाकडच्या आमच्या गावात तोवर कुणी व्हॅनिलाचं नावही घेतलं नव्हतं. लोक म्हणाले, काजू लाव, सुपारी लाव, निदान माड तरी लाव. पण निवृत्त झाल्यावर बाबांना कुणीतरी एका शिबिराला नेलं आणि ते तिथून वेलांचे तुकडे आणि डोक्यात वेड घेऊन परतले. घरामागच्या वाफ्यात गिरीपुष्पाचे खुंट रोवून त्यांनी त्यावर ते वेल चढवले. गावाला तर मेजवानीच मिळाली. विश्राम आइस्क्रीम पिकवतोय, असं पारावरचे लोक म्हणायचे आणि शाळेतली पोरं येऊन विचारायची, काका, उन्हात वितळत नाही का? बाबा हसून घ्यायचे. आई हसायची नाही. ती त्या वेलांना सवत म्हणायची, कारण सकाळी उठल्याबरोबर बाबा आधी त्यांच्याकडे जायचे.

तीन वर्षं त्या सवतीने पानांशिवाय काही दिलं नाही. त्या साली थंडीत बाबांनी शिबिरात सांगितल्याप्रमाणे वेलांचं पाणी तोडलं, शेंडे खुडले, लांबलेले वेल वाकवून खाली सोडले. शिमग्याच्या आधी एकेका पेरातून कळ्यांचे हिरवे घोस डोकावले. त्या दिवशी बाबांनी आईला खांद्याला धरून वाफ्यात नेलं. आईने कळ्या बघितल्या, म्हणाली, बरं, आणि परत येऊन भाकरी थापायला बसली. पण तिच्या त्या भाकऱ्या नेहमीपेक्षा मोठ्या झाल्या होत्या.

व्हॅनिलाचं फूल काही फार देखणं नसतं. पिवळट हिरव्या पाकळ्या, त्यातली एक नळीसारखी गुंडाळलेली. नळी हळूच फाडली की आत पांढरा दांडा दिसतो. दांड्याच्या टोकाला, टोपीखाली, परागांची पिवळी गोळी, म्हणजे नर. तिच्या खालीच चिकट खळगी, म्हणजे मादी. दोघं एकाच घरात, एकमेकांपासून नखाइतक्या अंतरावर. पण त्यांच्या मधोमध एक पातळ पडदा लोंबत असतो. तो आपला आपण हलत नाही, वाऱ्यानेही हलत नाही. या वेलाच्या मुलखात, म्हणजे तिकडे मेक्सिकोत, म्हणे एक माशी आहे, ती आत शिरते आणि तिच्या धक्क्याने काम होतं. आमच्याकडच्या माश्या फुलावर बसायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि निघून जायच्या. म्हणून माशीचं काम माणसाने करायचं. डाव्या हातात फूल धरायचं, उजव्या हातातल्या हिराने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने नराची गोळी खाली मादीवर दाबायची. आमच्या घरात त्या पडद्याला अंतरपाट हेच नाव पडलं आणि त्या कामाला ‘लग्न लावणं’.

मुहूर्तही कडक. फूल पहाटे उमलतं आणि दुपारी मिटतं. पुन्हा उमलत नाही. त्या वेळेत लग्न लागलं तर फूल सुकतं, पण देठाला धरून राहतं आणि त्याच्यामागे शेंग वाढू लागते. नाही लागलं तर दुसऱ्या दिवशी जमिनीवर.

आता हे काम बाबांना जमायला हवं होतं. पण स्टिअरिंग धरून धरून त्यांची बोटं केळीच्या फण्यासारखी झाली होती. पहिलं फूल त्यांनी देठासकट उपटलं. आईला मोतीबिंदू, तिला पडदा दिसेना. गोव्याहून लग्नासाठी आलेल्या माझ्या भावाने, नीलेशने, एका फुलाचा असा काही निकाल लावला की बाबांनी त्याला वाफ्यात यायचीच बंदी केली. राहिले मी. मी बायकांच्या ब्लाउजना हुक आणि काजं करून द्यायचे, त्यामुळे बोटांना बारीक कामाची सवय होती. मला पहिल्याच झटक्यात जमलं. बाबा माझ्या बोटांकडे असे बघत राहिले, जणू ती मी बाजारातून नवी आणली होती.

खरं तर या सगळ्याच्याही आधी एक अपघात झाला होता. लग्नासाठी आठवडाभर आधी येऊन बसलेली माझी शालन आते भल्या सकाळी परसात गेली, नुकतीच उमललेली पहिलीवहिली फुलं तिने खुडली आणि ताटलीत घालून राखणदाराला वाहून आली. बागेतलं पहिलं फूल राखणदाराचं, ही आमच्याकडची रीतच आहे. तिचं काही चुकलं नव्हतं. बाबा नुसते कपाळाला हात लावून बसले. देवाकडे तक्रार करता येत नाही आणि थोरल्या बहिणीकडे करायची त्यांची छाती नव्हती.

त्यानंतर रोज दोन-चार फुलं उमलत आणि मी त्यांची लग्नं लावत होते. माझ्या लग्नाची तारीख दिवाळीतच ठरली होती. वेलांना कुणी ती कळवली नव्हती. मला आदल्या दिवशी हळद लागली, मी घरात बसले, आणि सगळे घोस नेमके त्याच रात्रीनंतर फुलायला आले.

मी पाटावरून उठले आणि मागच्या दाराकडे गेले. शालन आते उंबऱ्यावर आडवी उभी राहिली. तिच्या हातात अक्षतांचं सूप होतं, ते तिने ढालीसारखं धरलं.

“खंय चललंस? हळद लागलेल्या चेडवान मांडवाभायर पाऊल टाकूचा नाय.”

मी म्हटलं, पाच मिनिटांत येते. आते म्हणाली, पाच मिनिटांतच वारं लागतं. मग तिने कुठल्या वाडीतली कोण हळदीची बाहेर पडली आणि तिचं पुढे काय काय झालं, याच्या दोन कहाण्या सांगितल्या. दुसरीतल्या बाईचा नवरा पुढे दारू पिऊ लागला होता. मी म्हटलं, तो आधीपासूनच प्यायचा. आते म्हणाली, तेच तर.

आमचा आवाज ऐकून बाबा आले. मला वाटलं, ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, “ऱ्हवांदे चेडवा. गेली तर गेली. फुला काय, पुढच्या वर्साक येतली.” आणि हे बोलताना त्यांचे कान जरासुद्धा हलले नाहीत. म्हणजे त्यांनी मनाने फुलं सोडून दिली होती. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. या माणसाने तीन वर्षं गावाची थट्टा सोसली, आणि पहिला भरघोस बहर आला त्या दिवशी तो मुलीच्या हळदीपुढे गप्प बसला होता. आजचा बहर गळाला असता, तर पुढच्या वर्षी त्याने वेलांना पाणी घातलं असतं, खत घातलं असतं, पण पारावर जाऊन बसायचं टाळलं असतं. आणि पुढच्या वर्षी मी कुठे असणार होते? आज संध्याकाळी मी जाणार, आणि माझ्यामागे या घरात ते काम करणारं एकही बोट नव्हतं.

दाराच्या चौकटीतून मला मांडव दिसत होता. चिव्याच्या बांबूचे खांब, वर माडाची झापं, खांबाला आंब्याच्या डहाळ्यांचे टाळे. मी आतेला विचारलं, “मांडवाभायर जावचा नाय, असाच ना?”

“होय.”

“आणि मांडवच माझ्यावांगडा इलो तर?”

आतेने माझ्याकडे रोखून बघितलं. ती रीतीभातीची पक्की होती, पण वादात गाठणाऱ्या माणसाबद्दल तिला आदर वाटायचा. तिने सूप खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि मग अटी घालायला सुरुवात केली. मांडव म्हटला की चार खांब हवेत. वर छत हवं. खांबाला आंब्याचे टाळे हवेत. आणि मुहूर्तमेढीचा खांब दुसऱ्या कुणी धरायचा नाही, तो ती स्वतः धरणार.

नीलेशने चिव्याच्या चार काठ्या आणल्या. आईने ट्रंकेतून पाहुण्यांसाठी राखलेली पिवळी चादर काढून दिली. सवतीसाठी नवी चादर, असं ती पुटपुटली, पण गाठी तिनेच मारल्या. चार कोपऱ्यांना चार काठ्या, काठ्यांना आंब्याचे टाळे. एक काठी नीलेशकडे, दोन माझ्या चुलतभावांकडे आणि चौथी, मुहूर्तमेढीची, शालन आतेकडे. अशा रीतीने माझा मांडव मागच्या दारातून बाहेर पडला आणि त्याच्याखालून मी.

त्या वाफ्यात पाय ठेवला आणि मी क्षणभर थांबले. प्रत्येक खुंटावर, प्रत्येक घोसात उमललेलं फूल होतं. इतकी फुलं त्या वेलांवर मी कधी पाहिली नव्हती. बाबा मागून आले. खिशातला हीर काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

मग आमची वरात सुरू झाली. मी एका वेलापाशी थांबले की मांडव थांबायचा, मी पुढे सरकले की मांडव पुढे. मी वाकले की आते ओरडायची, खाली घेवा रे, खाली घेवा, आणि चौघंही काठ्या खाली करायचे. एकदा नीलेशची काठी फांदीत अडकली आणि माझा उजवा खांदा उन्हात आला. आतेने लगेच त्यावर पदर टाकला. चुडा किणकिणत होता, हळद फुलांना लागत होती, आणि बाबा घोस वर धरून मला पुढचं फूल दाखवत होते. मध्येच गुणगुणतही होते. त्यांना मी इतकं खुशीत कधी बघितलं नव्हतं, माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा नाही.

अर्धे वेल झाले असतील, इतक्यात पाणंदीतून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला.

वऱ्हाड वेंगुर्ल्याकडून यायचं होतं आणि ते उन्हं वर आल्यावर येणार, असा सगळ्यांचा हिशेब. पण माझ्या सासरची माणसं सुरंगीच्या, म्हणजे त्या घमघमणाऱ्या पिवळ्या फुलांच्या, गावातली. सुरंगीची कळी उमलायच्या आत झाडावरून काढावी लागते आणि उमलायच्या आत ओवून वळेसर, म्हणजे गजरा, तयार करावा लागतो. त्या गावच्या बायकांना पहाटे झोप म्हणून येतच नाही. त्यांनी लग्नाचीही तशीच घाई केली होती. पाणंद आमच्या वाफ्याला लागून जाते. टेम्पो थांबला. पुढच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला गुरुनाथ, माझा होणारा नवरा, आणि मागे उभ्या साऱ्या बायका. सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. पिवळ्या चादरीखाली पिवळी नवरी एका वेलाला काडीने टोचते आहे आणि चार माणसं तिच्यावर काठ्या धरून उभी आहेत.

“मेल्यांनो, नवरो बघता हा!” शालन आते ओरडली. “छत खाली टाका!”

मुहूर्ताआधी नवऱ्याने नवरीचं तोंड बघायचं नसतं. चौघांनी काठ्या सोडल्या आणि चादर कोळ्याने फेकलेल्या जाळ्यासारखी माझ्यावर पडली. आत पिवळा अंधुक उजेड राहिला. हातातलं फूल मात्र मी सोडलं नाही, कारण अंतरपाट अर्धा उचललेला होता. मला एवढंच कळत होतं की माझं लग्न आता मोडतंय की कसं, ते पुढच्या दोन मिनिटांत ठरेल.

चादरीची कड वर झाली आणि एक बाई वाकून आत आली. नाकात नथ, केसांत सुरंगीचा वळेसर. तिच्या वासाने ती एवढीशी जागा भरून गेली. ही सत्यवती, माझी सासू. बघायला आली होती तेव्हा ती माझ्याशी एक वाक्य बोलली होती: “नाव काय?”

“ह्या काय करतंस?” तिने आता विचारलं.

मी सांगू लागले. सगळं सांगितलं. नर कुठे, मादी कुठे, मधला पडदा, ती मेक्सिकोची माशी. सांगता सांगता हिराने पडदा उचलून दाखवला आणि गोळी दाबली. सासूने मान वाकवून डोळे बारीक करून बघितलं.

“आणि हात नाय लावलो तर?”

“तर दुपारी मिटतला आणि उद्या गळान पडतला.”

“आणि रोज उमलतत ही?”

“अजून पंधरा-वीस दिवस.”

“मग उद्या कोण करतला?”

मी हातातलं फूल सोडून पुढचं धरलं. तिने हातातल्या पाटल्या वर सरकवल्या आणि म्हणाली, “दाखय माका.”

पहिलं फूल तिच्याकडून फाटलं. दुसऱ्याचं लग्न लागलं, तेही माझ्यापेक्षा अलगद. सुरंगीच्या कळ्या हाताळलेली ती बोटं, त्यांना शिकवायला फार काही लागलं नाही. तिने चादरीतून डोकं बाहेर काढलं आणि टेम्पोतल्या आपल्या जावेला आणि नणंदेला हाक मारली, “गे, चपला काढा आणि हंय येवा. नवऱ्याक घेवन पुरुष पुढे जावंदेत.”

मग काय झालं, ते आमच्या गावात अजून सांगतात. टेम्पो गुरुनाथला घेऊन पुढच्या अंगणात गेला. माझा मांडव पुन्हा वर उचलला गेला आणि वरमाई, तिची जाऊ, तिची नणंद, तिघी भरजरी साड्यांचे पदर खोचून आमच्या वाफ्यात व्हॅनिलाची लग्नं लावू लागल्या. शालन आतेच्या जिवाची नुसती घालमेल झाली. विहिणीचे पाय धुतले नव्हते, तिला गूळपाणी दिलं नव्हतं, ओवाळलं नव्हतं, आणि ती मातीत उभी राहून काम करत होती. शेवटी आतेने मुहूर्तमेढ बाबांच्या हातात दिली, धावत जाऊन तांब्या आणला आणि वेलाच्या बुडाशीच वाकून विहिणीचे पाय धुऊ लागली. सासू म्हणाली, “धुवा, पण माका हलवू नकात.”

आमचं सगळं आटपलं तेव्हा भटजी तिसऱ्यांदा घड्याळ बघत होते. माझ्या नखांत पराग होते, हळदीत मिसळून गेलेले. गुरुनाथ आणि मी समोरासमोर उभे राहिलो, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि माझी बोटं त्या पडद्याची खालची कड शोधू लागली. शेजारी उभ्या आईने माझ्या हातावर चापट मारली.

संध्याकाळी निघताना मी इतकी रडले की बायका म्हणाल्या, पोरीचा आई-बापावर जीव आहे. होताच. पण मी त्या क्षणी रडत होते ती दुसऱ्या दिवशीच्या फुलांसाठी. बाबा टेम्पोपर्यंत आले. मी त्यांना म्हटलं, उद्या पुन्हा उमलतील. ते म्हणाले, बघू. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो जड, खरबरीत हात मला त्या वेळी फार आवडला आणि त्याचा रागही आला, कारण त्याला एवढंसं काम येत नव्हतं.

सासरी पहिल्या सकाळी मी लवकर उठले. नव्या सुनेने सासूच्या आधी उठावं, असं आईने बजावलं होतं. पण सासू माझ्याही आधी उठून गेलेली. गुरुनाथ म्हणाला, सुरंगीला गेली आहे. ती दुपारी घरी आली, पाय धुतले, जेवली आणि आडवी झाली. मी विचारलं, उद्या मी येऊ का तुमच्याबरोबर? ती म्हणाली, नवी सून पाचपरतावणीपर्यंत, पाचव्या दिवशी माहेरी जाईपर्यंत, घरात शोभते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

मला वाटायला लागलं की त्या वाफ्यात जे झालं ते चारचौघांत निभावलं, पण मनातून मी तिला आवडलेली नाही. घरात माझ्याशी बोलायला नको म्हणून ही बाई पहाटे निघून जाते. शिवाय एक गोष्ट कळत नव्हती. सुरंगीचा वास असा की एक कळी घरात आली तरी उशीपर्यंत दरवळते. पण ती घरी यायची तेव्हा तिच्या साडीला चक्क मासळीचा, बांगड्यांचा वास यायचा. मी गुरुनाथला विचारलं. त्याने खूप वेळ विचार करून सांगितलं की कधी कधी येतो तसा.

पाचपरतावणीला आम्ही दोघांनी जेवणवेळेपर्यंत माझ्या माहेरी पोचायचं, असं ठरलं होतं. पण मला धीर निघेना. बाबांची फुलं वाफ्यात पडलेली असतील, बाबा तरीही हसून दाखवतील, आणि ते मला बघवणार नाही, हे चार रात्री मी मनात घोकत होते. मी पहाटेच साडी नेसून बसले. गुरुनाथने आधी चप्पल हरवली, मग छत्री शोधली. उन्हाळ्याच्या तोंडाशी छत्री कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, उन्हाला. शेवटी मी एकटीच स्टँडकडे चालू लागले, तेव्हा तो मागून धावत आला आणि आम्ही पहिली एसटी पकडली.

घरी पोचल्यावर मी पुढच्या दाराने गेलेच नाही. सरळ पाणंदीतून वाफ्याकडे वळले.

जमिनीवर फुलं नव्हती. प्रत्येक घोसात वाळलेली फुलं देठाला धरून होती आणि त्यांच्यामागे हिरव्या काड्या लांबू लागल्या होत्या, काही माझ्या बोटाएवढ्या झालेल्या. मी एका वेलापाशी उभी राहून बघत राहिले. पुढच्या खुंटामागून बाबांचा आवाज आला. ते घोस वर धरून म्हणत होते, विहीणबाय, ह्या एक ऱ्हवला. आणि त्यांच्यासमोर दातांत हीर धरून, पदर खोचून, माझी सासू उभी होती.

तिने मला बघितलं. पळायला जागा नव्हती.

“आई,” मी म्हटलं, “सुरंगी गावली?”

तिने दातांतला हीर काढला. “नाय गावली,” ती म्हणाली, आणि बाबा खो खो हसत सुटले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वेंगुर्ल्याहून पहाटे दोडामार्गाकडे मासळीचा टेम्पो येतो, त्याच्या पुढच्या सीटवर बसून ती रोज यायची. फुलं आटपली की एसटीने परत. टेम्पोवाल्याला पहिल्या दिवशीच दटावलं होतं, की गावात बोललास तर बघ. विहीण घरी येणार म्हणून शालन आते रोज पाट, तांब्या, ओवाळणी मांडून बसायची. त्यात फुलांची वेळ जाते, म्हणून सासूने दुसऱ्या दिवसापासून पुढच्या दाराने यायचंच बंद केलं होतं. चहा आई वाफ्यात आणून द्यायची. विहिणीला चहा दिला की ती सवतीची विचारपूस करून जायची. गुरुनाथला सगळं ठाऊक होतं. तो माझ्या मागे उभा राहून छत्री उघडझाप करत होता.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

“तुका सांगितला असता तर तू घरात बसलं असतंस?” सासू म्हणाली. “पाचपरतावणीच्या आधी सून म्हायेराक पळाली, असा गाव म्हणतलो. माका कोण काय म्हणतला? म्हातारी सुरंगीक गेली.”

“पण तुम्ही वरमाई. आमच्याकडे तुमचे पाय धुतात. आणि तुम्ही रोज माशांच्या टेम्पोतून…”

ती माझ्याकडे न बघता पुढचं फूल डाव्या हातात घेत होती. नळी फाडली, पडदा उचलला, अंगठा दाबला. मग म्हणाली, “तुझ्या बापाशीन आपली लेक दिल्यान. माका नुसती बोटा देवची होती.”

मी रडू लागले. या वेळी फुलांसाठी नव्हते रडत. बाबा तोंड फिरवून वेलाचं एक पान उगीचच पुसत राहिले. सासूने थोडा वेळ मला रडू दिलं आणि मग कमरेला खोचलेला दुसरा हीर काढून माझ्यापुढे धरला.

“आता पुरे,” ती म्हणाली. “ऊन चढला. ही अख्खी रांग बाकी आसा.”

मी नव्या साडीचा पदर खोचला आणि तिच्या शेजारच्या वेलाला लागले.